पन्नाशीनंतरचा दमसास आणि ताकद: रोजच्या फेऱ्यांच्या पुढे काय करायचं? (नागपूर)

पहाटफेरी

फुटाळ्याच्या काठावर, अंबाझरीला, सेमिनरी हिल्सवर, रेशीमबागच्या मैदानात पहाटे साडेपाचला जी माणसं दिसतात त्यातली बरीचशी पन्नाशी ओलांडलेली असतात. रोज तेवढ्याच फेऱ्या, रोज तोच वेग. सुरुवातीचे दोन-तीन महिने त्याने खरंच फरक पडतो. मग शरीराला तेवढ्या कामाची सवय होते आणि दमसास जिथे पोचला तिथेच राहतो. हातांच्या, पाठीच्या ताकदीला तर चालण्यातून काही मिळतच नाही.

व्यायाम नसेल तर तिशीनंतर दर दहा वर्षांनी व्हीओटू मॅक्स (शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते माप) साधारण १० टक्क्यांनी उतरतं. स्नायू घटतात, आणि ताकद त्याहून वेगाने घटते. दोन्ही घसरणी थोपवता येतात, सत्तरीतही बऱ्यापैकी भरून काढता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, आणि किमान २ दिवस स्नायूंसाठीचा व्यायाम सांगितलाय. पहिला भाग आपले लोक पाळतात. दुसरा जवळपास कोणीच पाळत नाही.

माझ्या मते आठवडा असा असावा: ३ दिवस हलका दमसास (४०-४५ मिनिटं), २ दिवस वजन, १ दिवस कठीण दमसास, १ दिवस सुट्टी. कठीण दिवस पहिले ६ ते ८ आठवडे ठेवायचाच नाही.

हलकं म्हणजे किती हलकं, इथेच गडबड होते. वय ५२ आणि सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी ७२ असं धरू. कमाल नाडीचा अंदाज: २०८ वजा वयाचे ०.७ पट, म्हणजे साधारण १७२. त्यातून ७२ वजा केले की उरतात १००. या शंभरातले ४० ते ६० टक्के घेऊन परत ७२ मिळवा: ११२ ते १३२. हा हलका पट्टा. यात पूर्ण वाक्यं बोलता येतात, गाणं मात्र म्हणता येत नाही. पावलं मोजायची तर मिनिटाला १०० च्या आसपास मध्यम चाल सुरू होते; १५ सेकंदांत २५ पावलं मोजली की झालं. १३० पावलं म्हणजे जोराची चाल.

कठीण दिवशी: १० मिनिटं हळू चाल, मग ४ मिनिटं जोरात (कमाल नाडीच्या ९० टक्क्यांच्या आसपास, वरच्या उदाहरणात १५५), मग ३ मिनिटं सावकाश, असं ४ वेळा. शेवटी ५ मिनिटं हळू. पहिल्याच दिवशी ४ मिनिटं धरू नका. १ मिनिटापासून सुरू करा, दर दोन आठवड्यांनी १ मिनिट वाढवा. पळता येत नसेल तर सेमिनरीचा चढ किंवा इमारतीचा जिना घ्या. चढावर वेग कमी असूनही नाडी वर जाते आणि गुडघ्यावर आपटही कमी बसते. उतरताना मात्र घाई नको.

जाणकारांनी दुरुस्त्या कराव्यात.

महालचा_सुधाकर

भाऊ, २२० वजा वय हे सूत्र सगळ्या जिममध्ये भिंतीवर लावून राहतं. ते चुकीचं आहे का मग?

पहाटफेरी

तेही अंदाजच, हेही अंदाजच. साठीच्या माणसाला २२० वालं १६० देतं, २०८ वालं १६६. उतारवयात जुनं सूत्र कमी दाखवतं, म्हणून दुसरं घेतलं. पण दोन्हींत एकेका माणसाच्या बाबतीत १० ठोक्यांचा फरक सहज पडतो, कधी त्याहून जास्त. म्हणून आकडा आणि बोलण्याची कसोटी भांडत असतील तर बोलण्याचं ऐका.

दवा_आणि_दम

इथे एक मोठी दुरुस्ती. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर वरचं कुठलंच गणित लागू नाही. ही औषधं नाडी वर चढूच देत नाहीत. १५५ गाठायच्या नादात माणूस स्वतःला ओढत नेतो आणि घड्याळात ११८ च दिसतात. अशांनी ६ ते २० ची बोर्गची श्रममोजणी (किती श्रम वाटताहेत ते स्वतःच आकड्यात सांगायचं) वापरावी: ११ ते १३ हलकं ते थोडं कठीण, १५ ते १७ कठीण ते फार कठीण. गोळी मनाने बंद करायची नाही, व्यायामाच्या दिवशी 'तेवढी एक' टाळायचीही नाही.

मनगटी घड्याळाबद्दलही. मनगटावरचा हिरवा उजेड रक्तप्रवाह वाचतो. मूठ आवळली, डंबेल धरलं, सायकलच्या दांडीवर भार दिला की तो चुकतो. कधी तो नाडीऐवजी पावलांचीच लय पकडतो आणि चालताना एकदम १६० दाखवतो. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा. काहीच नसेल तर थांबताक्षणी मनगटावर १५ सेकंद मोजा आणि ४ ने गुणा. अर्धं मिनिट उशीर केला तर नाडी उतरलेली असते.

आणि थांबल्यावर १ मिनिटाने परत मोजा. नाडी १२ पेक्षा कमी ठोक्यांनी उतरत असेल, आणि असं वारंवार होत असेल, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

वजनकाटा

दमसासाचं पहाटफेरी यांनी नीट मांडलंय. वजनाचं मी लिहितो, कारण तिथे 'दोन किलोचं डंबेल पन्नास वेळा' हाच प्रकार जास्त चालतो.

व्यायाम ६ पुरतात.

बैठक: खुर्चीपासून सुरुवात. सीटला हलकं टेकायचं आणि उठायचं, ३ सेकंद खाली, १ सेकंद वर. हात न टेकता १२ आरामात झाल्या की छातीशी ५ किलोचं डंबेल धरा.

कमरेतून वाकणं: गुडघे किंचित मोडलेले, पाठ सरळ, ढुंगण मागे ढकलत दोन्ही हातांतली वजनं नडगीच्या मध्यापर्यंत न्यायची. मांडीच्या मागे ताण जाणवला पाहिजे. तो पाठीत जाणवत असेल तर वजन जास्त आहे किंवा पाठ गोल होते आहे. भिंतीकडे पाठ करून एक वीत पुढे उभं राहा आणि ढुंगणाने भिंत शिवायचा सराव करा, दोन दिवसांत जमतं.

ढकलणं: स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून जोर. मग पलंग, मग जमीन. जितकं खाली तितकं कठीण.

ओढणं: दाराला नीट अडकवलेला रबरी पट्टा किंवा एका हाताने डंबेल कमरेकडे ओढणं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी हे मुळीच सोडू नये.

टाचा उचलणं: पायरीच्या कडेवर, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. पळायचं असेल तर पोटरी आधी तयार हवी.

वजन घेऊन चालणं: दोन हातांत दोन ५ लिटरचे पाण्याचे कॅन (प्रत्येकी ५ किलो), ३० ते ४० मीटर, खांदे वर न उचलता. पकड, खांदे, पोट, सगळं यात येतं.

प्रत्येकाचे २ ते ३ सेट, ८ ते १२ वेळा, मध्ये २ मिनिटं विश्रांती. सेट संपेल तेव्हा 'अजून दोन-तीन निघाले असते' असं वाटलं पाहिजे. दहा निघाले असते असं वाटत असेल तर तो सेट वाया गेला. वाढवायची पद्धत: त्याच वजनाने ८ वरून १२ वर जा, सगळ्या सेटमध्ये १२ झाले की पुढचं वजन घ्या आणि परत ८ वर या. बाजारात डंबेल बहुधा अडीच किलोच्या टप्प्याने मिळतात. खांद्याच्या व्यायामाला तो टप्पा फार मोठा होतो, तिथे १५ पर्यंत जाऊन मगच वजन बदला.

श्वास: उचलताना सोडायचा. कोंडून उचललं की रक्तदाब त्या क्षणापुरता फार वर जातो. दाब आधीच वाढलेला असेल तर हे विसरून चालत नाही.

तालीमवाले

आपल्याकडे जोर-बैठका होत्याच की. डंबेलं कशाला पाहिजेत बाप्पा?

वजनकाटा

जोर-बैठका उत्तमच, ज्याला जमतात त्याने सोडू नयेत. अडचण तीन ठिकाणी येते. एक, संख्या ५० वरून १५० वर गेली की दम वाढतो, ताकद फारशी नाही. ताकदीला भार वाढवावा लागतो. दोन, तालमीतल्या बैठकीत टाचा उचललेल्या असतात आणि गुडघा खूप पुढे जातो. ज्याचे गुडघे लहानपणापासून तयार झालेत त्याला चालतं, पंचावन्नाव्या वर्षी नव्याने सुरू करणाऱ्याचे गुडघे दुसऱ्याच आठवड्यात सुजतात. तीन, यात ओढणं आणि कमरेतून वजन उचलणं नाही. तालमीत ते दोरावर चढून, कुस्तीत, मातीत फावडं मारून भरून निघायचं. घरी नुसत्या जोर-बैठका काढल्या तर ते राहून जातं. तेव्हा जोर ठेवा, बैठका टाचा टेकवून आणि कमी खोल काढा, आणि ओढायचा एक व्यायाम जोडा.

नंदनवन_ताई

पाळी गेल्यानंतर हाडांसाठी वजन उचला असं डॉक्टर सांगतात, पण किती ते कोणी सांगत नाही. शिवाय उड्या मारल्या की लघवीचा थेंब जातो, म्हणून कितीजणी व्यायामच सोडतात. यावर लिहा ना.

दवा_आणि_दम

ताई, फार गरजेचा प्रश्न.

इस्ट्रोजेन (स्त्रियांचं संप्रेरक) उतरलं की पहिल्या काही वर्षांत हाड झपाट्याने विरळ होतं. हाडाला कळतं ते भाराने आणि धक्क्याने. पोहणं आणि सायकल हृदयाला चांगली, हाडाला जवळपास निरुपयोगी, कारण त्यात शरीराचा भार हाडावर पडतच नाही. वजनकाटा यांचे सहाही व्यायाम चालतील. ३-४ महिन्यांत वजन ८ वेळाच निघेल इतकं जड करत न्यायचं. धक्क्यासाठी टाचा उचलून जमिनीवर आपटणं, १० वेळा, दिवसातून दोनदा. हाडांच्या तपासणीत ठिसूळपणा आधीच आढळला असेल, तर पाठ गोल करून पाय शिवणं आणि पोटाचे उठाबशासारखे व्यायाम टाळा. गोल पाठीवर भार आला की मणका चेपू शकतो.

थेंब जाण्याचं: ओटीपोटाचे तळाचे स्नायू कमकुवत असतात. वारा रोखताना जसं आवळतो तसं ५ ते १० सेकंद आवळा, तेवढाच वेळ सोडा, १० वेळा, दिवसातून ३ दा. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका, तो फक्त स्नायू ओळखण्यापुरता एकदा. वजन उचलायच्या आधी आवळा, उचलताना श्वास सोडा. साधारण ३ महिने लागतात. तोवर उड्या बंद, बाकी व्यायाम चालू. ३ महिन्यांनी फरक नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या कामातले फिजिओथेरपिस्ट गाठा.

सिमेंटरोड

आपल्याकडे आता जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते झालेत. पळणाऱ्यांचे गुडघे त्यामुळे जाऊन राहिले, हे खरं का?

पहाटफेरी

कडक रस्त्याला जितका दोष देतात तितका त्याचा नाही. दुखणी येतात ती बहुतेक एकदम अंतर वाढवल्याने. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम आलेला असतो म्हणून माणूस ३ किलोमीटरवरून ६ वर जातो, आणि टाचेमागची कंडरा किंवा तळपाय धरतो. आठवड्याची वाढ १० टक्क्यांच्या आसपास ठेवा, आणि दर चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कमी करा.

रस्त्याचा एक दोष मात्र खरा: पाणी वाहून जावं म्हणून तो कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने पळालं की एक पाय कायम उंचावर, एक खाली पडतो. जाताना उतार ज्या पायाखाली होता, येताना तो दुसऱ्या पायाखाली येईल असं बघा किंवा मातीचं मैदान निवडा.

दुखणं चालवून घ्यायचं की थांबायचं, त्याचं माप: ० ते १० मध्ये ३ पर्यंत, आणि २४ तासांत पूर्वीसारखं होत असेल तर चालू ठेवा. सांधा सुजला, लंगडणं आलं, रात्री दुखून जाग आली तर थांबा. बसता-उठता गुडघा दुखत असेल त्यांच्यासाठी भिंतीला पाठ टेकून अर्ध्या बैठकीत धरून राहणं, ३० ते ४५ सेकंद, ५ वेळा. यात श्वास मात्र कोंडू नका.

कूलरसमोर

मार्चच्या शेवटी हा धागा वर आलाय, तर उन्हाळ्याचं लिहिलंच पाहिजे. मे महिन्यात इथे दुपारी ४५ पार जातं आणि पहाटेही तिशीच्या जवळ असतं. नवतप्यात (२५ मेच्या पुढे) तर रात्रभर भिंती तापलेल्याच राहतात.

उन्हात त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, घामाने रक्ताचं पाणी कमी होतं, म्हणून त्याच वेगाला नाडी १० ते १५ ने जास्त दिसते. दमसास गेला असं समजून लोक आणखी जोर लावतात. उलट करायचं: नाडी ठरवा, वेग कमी होऊ द्या. सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. गावाला थंड ठिकाणी दोन-तीन आठवडे जाऊन आलं की ती बरीचशी जाते, परत पहिल्यापासून.

एप्रिल-मे मध्ये कठीण दिवस घरात घ्या. १५ ते २० सेंटीमीटरच्या पाटावर चढ-उतार, किंवा जागेवरची सायकल, कूलरच्या झोतात. कूलर जूनच्या मध्यापर्यंतच कामाचा. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की त्याच्या वाऱ्याने घाम सुकत नाही, तेव्हा साधा पंखा आणि उघडी खिडकीच बरी.

पाणी: व्यायामाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. १ किलो घटलं म्हणजे साधारण १ लिटर पाणी गेलं. वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त घट झाली तर कामगिरी आणि डोकं दोन्ही मंदावतात. घरचं पाणी: १ लिटरला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एक तासाच्या आतल्या हलक्या व्यायामाला याची गरज नसते, साधं पाणी चालतं. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, हृदय कमजोर किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवलेलंच पाळा.

बोलणं असंबद्ध झालं, चालताना झोक जाऊ लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करून कपडे काढा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

वरणभात

शाकाहारी माणसाला प्रथिनं किती आणि कुठून? ६५ किलो वजन धरा.

वजनकाटा

वजन उचलणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला किलोमागे १.२ ग्रॅम धरा, म्हणजे ७८. नुसत्या वरण-भाताने ते होत नाही. हिशेब बघा, सगळं कच्च्या मापाने: सकाळच्या पोह्यांसोबत ५० ग्रॅम चण्यांची उसळ १०, दिवसभरात तुरीची डाळ ४० ग्रॅम ९, पोळ्यांची कणीक १८० ग्रॅम २०, दूध पाव लिटर ८, दही २०० ग्रॅम ७, शेंगदाणे ३० ग्रॅम ७, सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम १५. झाले ७६, उरलेले भातातून येतात. सोया नको असेल तर ७५ ग्रॅम पनीर. झुणका चांगला, ४० ग्रॅम बेसनात ८-९ मिळतात. पोह्यांवरची तर्री मात्र यात मोजू नका, प्रथिनं चण्यात आहेत. रात्री एकदम ४० ग्रॅम खाण्यापेक्षा तिन्ही वेळा २५ च्या आसपास पडलेले बरे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारा.

महालचा_सुधाकर

सुरू करायच्या आधी स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती) करावीच लागते का? आणि साखरेच्या गोळ्या असतील तर सकाळी उपाशीपोटी जायचं की नाही?

दवा_आणि_दम

साध्या चालण्यासाठी, काही तक्रार नसलेल्या माणसाला स्ट्रेस टेस्टची गरज नसते. हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि आजवर व्यायाम नसेल, तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. चालताना छातीत दाब, जबडा किंवा हात भरून येणं, पूर्वीपेक्षा लवकर धाप, चक्कर, यातलं काहीही असेल तर आधी तपासणी, व्यायाम नंतर. टेस्ट चांगली आली म्हणजे मोकाट सुटायचं असं नाही. ती मुख्यतः रक्तप्रवाह अडवणारा मोठा अडथळा दाखवते. रक्तवाहिनीतला चरबीचा छोटा थर तिला दिसत नाही आणि तोही फुटू शकतो. म्हणून लक्षण आलं की चांगला रिपोर्ट खिशात असला तरी थांबायचं.

साखरेचं: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर निघण्याआधी मोजा. १०० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक मध्यम केळ्याचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग किंवा ३ चमचे साखर, खाऊनच निघा. खिशात साखर ठेवा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर उपाशीपोटी हलकी फेरी चालते.

आणखी एक. जे गट करून फिरतात त्यांनी छाती दाबायचं शिकून घ्या. माणूस कोसळला, हलवून प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही: एकाने १०८ ला फोन, दुसऱ्याने छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत. पाणी पाजत, चप्पल हुंगवत बसण्यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

नंदनवन_ताई

प्रगती होते आहे हे कशावरून ओळखायचं? वजनकाटा तर हलत नाही.

पहाटफेरी

ताई, दर ८ आठवड्यांनी दोन मापं घ्या. एक, ठरावीक २ किलोमीटर, नाडी १२५ च्या वर जाऊ न देता, किती मिनिटांत होतात. वेळ कमी झाला की दमसास वाढला. सारख्याच तापमानाला घ्या, नाहीतर जानेवारी आणि मेची तुलना फसवते. दोन, ३० सेकंदांत हात छातीवर बांधून खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं. ६० ते ६४ वयात बायकांना १२ हून कमी आणि पुरुषांना १४ हून कमी जमत असेल तर पायांची ताकद सरासरीच्या खाली आहे. पन्नाशीत त्याहून जास्त जमायला हवं.

सिमेंटरोड

पावसाळ्यात डेंगू-चिकनगुनिया झाला की सगळं तुटतं. परत सुरू कसं करायचं?

दवा_आणि_दम

ताप असेपर्यंत काहीच नाही. ताप उतरल्यावर सकाळची नाडी रोज मोजा. ती नेहमीपेक्षा ५-१० ने जास्त राहते आहे तोवर घरातल्या घरात फिरणं पुरे. डेंगूत प्लेटलेट पूर्ववत झाल्याशिवाय वजन, पळणं, पडण्याची भीती असलेलं काहीही नको. मग पहिला आठवडा पूर्वीच्या अर्ध्या वेळेने फक्त हलकी चाल, दुसरा पाऊण, तिसऱ्या आठवड्यात वजनं अर्ध्या भाराने. कठीण दिवस सगळ्यात शेवटी परत आणा. चिकनगुनियात सांधे महिनोन्महिने दुखू शकतात: सुजलेल्या सांध्यावर भार टाकू नका, बाकीच्यांचं चालू ठेवा. मनगट सुजलं असेल तर बैठका आणि टाचा उचलणं चालतं, घोटे सुजले असतील तर ओट्यावरचे जोर आणि रबरी पट्टा. छातीत धडधड किंवा विचित्र धाप राहिली तर व्यायामाआधी ईसीजी काढून घ्या, कारण या तापांत कधी कधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते.